अपयशाचा हिशेब कोण देतो?

‘सायकियाट्रिस्ट नुसत्या गोळ्या देतो, समुपदेशक नुसतं बोलतो. आम्ही मात्र शरीर, मन आणि आत्मा असा अख्खा माणूस बघतो आणि आजार मुळापासून काढतो.’ गेल्या काही वर्षांत गावोगाव निघालेल्या ‘होलिस्टिक वेलनेस’ केंद्रांच्या पत्रकांवर, फलकांवर आणि मोफत परिचयवर्गांत हे म्हणणं थोड्याफार फरकाने भेटतं. ऐकायला ते छान लागतं. आपल्याला कुणीतरी पूर्ण पाहावं, तुकड्यातुकड्याने पाहू नये, असं प्रत्येक त्रासलेल्या माणसाला वाटत असतंच. त्या वाटण्यालाच हे वाक्य हात घालतं.

त्याच्या जोडीला आणखी एक मत आहे. ते केंद्रात नाही, घराघरांत ऐकू येतं. ‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? घर माणसांनी भरलेलं होतं, देव होता, कामाचा रगाडा होता. मन आपोआप ताळ्यावर यायचं. आता तासभर बोलायचे हजार-दोन हजार मोजायचे, ही श्रीमंतांची थेरं आहेत.’ पहिलं मत नव्या जमान्याचं, दुसरं जुन्या. पण दोघांचा निष्कर्ष एकच: थेरपी म्हणजे नुसतं बोलणं, आणि नुसत्या बोलण्याने काय होतं?

या दोन्ही मतांना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यांच्यापायी माणसं चालू उपचार सोडतात आणि ज्यांनी सुरू करायला हवेत ती सुरू करत नाहीत. माझं म्हणणं असं आहे: मनाच्या उपचाराची पारख त्याच्या आश्वासनांवरून करायची नसते. तो उपचार स्वतःच्या अपयशाचा हिशेब ठेवतो का, आणि तो हिशेब तुम्हाला आधीच दाखवतो का, यावरून करायची असते.

‘नुसतं बोलणं’ म्हणतात ते प्रत्यक्षात कसं असतं, इथून सुरुवात करू. चांगल्या समुपदेशकाकडे पहिल्यांदा गेलेला माणूस बऱ्याचदा थोडा खट्टू होऊन बाहेर पडतो. त्याला सल्ला हवा असतो आणि वाट्याला येतात प्रश्न. झोप कशी आहे? लागतच नाही, की लागते पण पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही? जेवणावरची वासना गेली आहे का? वजन? बाई असेल तर पाळीचं काय? थायरॉइड कधी तपासलं होतं? रक्तदाबाची, दम्याची, आणखी कशाची औषधं चालू आहेत? दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या? घरात आधी कुणाला असा त्रास झाला होता? पगार वेळेवर होतो का, डोक्यावर कर्ज किती आहे, घरात निर्णय कोण घेतं? आणि मग, आवाज न बदलता, सरळ: मरून जावंसं वाटतं का? वाटलं तेव्हा कसं करायचं, हेही मनात आलं होतं का?

हा शेवटचा प्रश्न ऐकून नातेवाईक दचकतात. असं विचारून नसता विचार डोक्यात घालू नका, म्हणतात. पण विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. उलट, कित्येक महिने जे कुणापुढे उच्चारता आलं नाही, ते उच्चारायला त्या प्रश्नाने जागा मिळते.

त्याच पहिल्या भेटीत आणखी काही गोष्टी सांगितल्या जातात, आणि माझ्या मते त्या प्रश्नांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. सेशन पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचं असेल. साधारण आठवड्याला एक. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. पण तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मला गप्प राहता येणार नाही. इतक्या सेशन्सनंतर आपण थांबून पाहू की फरक पडतोय का. पडत नसेल तर पद्धत बदलू, किंवा मी तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवीन. गोळ्यांची गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा असं सांगेन. थोडक्यात, उपचार सुरू होण्यापूर्वीच तो फसला तर काय करायचं, हे ठरवलं जातं.

पुढच्या भेटींत काय होतं? एक उदाहरण घेऊ. कचेरीत साहेबांनी नमस्कार घेतला नाही आणि माणूस दिवसभर पोटात गोळा घेऊन बसला. समुपदेशक त्याला वहीत रकाने पाडायला लावतो: काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं, मग मी काय केलं. दुसऱ्या रकान्यात तो लिहितो, ‘साहेब माझ्यावर नाराज आहेत, आता माझी बदली होणार.’ मग दोघं मिळून त्या ओळीची झडती घेतात. पुरावा काय? दुसरा कुठला अर्थ संभवतो? समजा नाराज असतीलच, तर त्याने आभाळ कोसळतं का? हे एकदा करून भागत नाही. आठवडाभर घरी वही भरायची, पुढच्या भेटीत ती घेऊन यायचं. ज्या प्रसंगाची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आणि एरन बेक यांनी साठच्या दशकात या विचारपद्धती घडवल्या. एलिस यांचं विवेकनिष्ठ मानसशास्त्र मराठी माणसापर्यंत पोचवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. याला ‘नुसतं बोलणं’ म्हणणाऱ्याने आपली स्वतःची अशी वही एक आठवडा प्रामाणिकपणे भरून पाहावी. ते कष्टाचं काम आहे.

आता ‘काय होतं?’ या प्रश्नाकडे येऊ. त्याचं उत्तर आकड्यांत हवं असेल तर लांब जायला नको, गोव्यात पाहावं. ‘संगथ’ ही तिथली संस्था १९९६ साली सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली आणि ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सरकारी केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले. दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ बैठका दिल्या, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. त्या बैठका घेणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. ती स्थानिक, साधी माणसं होती, या कामासाठी तयार केलेली.

बैठकांमागचा विचार समजायला सोपा आहे. निराशेत माणूस एकेक काम सोडत जातो. काम सुटलं की त्यातून मिळणारा विरंगुळा, चार माणसांची भेट, ‘मी हे केलं’ असं वाटणं, सगळंच आटतं. ते आटलं की निराशा वाढते. तेव्हा मूड सुधारायची वाट न पाहता आधी छोट्या कृतीपासून सुरुवात करायची: सकाळी बाजारात जाऊन मासळी आणायची, शेजारणीकडे दहा मिनिटं बसायचं, अर्धवट पडलेलं शिवण हातात घ्यायचं. काय जमलं, काय नाही, हे पुढच्या भेटीत बोलायचं, अडचणी सोडवायच्या. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के.

इथे हीलिंगवाले म्हणतील, ‘पाहा, पदवी लागत नाहीच. आम्हीही मायेने ऐकणारी माणसं आहोत.’ हा युक्तिवाद नीट तपासायला हवा. गोव्यातल्या त्या समुपदेशकांजवळ मानसशास्त्राची पदवी नव्हती, पण लेखी पद्धत होती. त्यांचं प्रशिक्षण झालेलं होतं. त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या जात आणि बाकीचे समुपदेशक गटात बसून त्या ऐकत, गुण देत, चुका दाखवत. आणि ६४ टक्क्यांचा अर्थ असा की उरलेले ३६ टक्के त्या मुदतीत पुरते बरे झाले नाहीत. हा आकडाही कुणी लपवलेला नाही. मायेने ऐकणाऱ्या केंद्रांना माझा प्रश्न एवढाच आहे: तुमच्याकडे गेल्या वर्षी आलेल्या शंभरांपैकी कितींना गुण आला नाही? कितींचा त्रास वाढला? ही नोंद कुठे आहे?

‘ऊर्जे’च्या उपचारांबाबत तर असा हिशेब एकदा एका शाळकरी मुलीने मागितला होता. अमेरिकेत ‘थेराप्युटिक टच’ नावाची पद्धत अनेक परिचारिका वापरत. रुग्णाच्या शरीराभोवतीचं ऊर्जाक्षेत्र आपल्या तळहातांना जाणवतं, ते हाताने सारखं केलं की आजार हटतो, असा दावा होता. कोलोरॅडोतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञानप्रकल्पासाठी तो तपासायचं ठरवलं. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा. त्याच्या खालून उपचारकाने दोन्ही हात पलीकडे काढायचे, तळवे वर. एमिली नाणं उडवून ठरवायची आणि त्यांच्या एका तळव्यावर, स्पर्श न करता, आपला हात धरायची. प्रश्न एकच: माझा हात तुमच्या कुठल्या हातावर आहे? २१ उपचारकांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. बरोबर आलं १२३ वेळा, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून काहीही सांगितलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर यायला हवी होती. १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

रेकी वेगळी, प्राणिक हीलिंग वेगळं, त्यांच्या परंपरा वेगळ्या, हे मला मान्य आहे. पण प्रयोगाला लागलं काय? एक पुठ्ठा आणि एक नाणं. हाताला ऊर्जा जाणवते असं म्हणणाऱ्या कुणालाही तो उद्या करता येईल. करून तो जाहीर करावा.

यांपैकी बरंचसं निरुपद्रवी आहे, असं समजूतदार माणसं मला सांगतात. दिवा लावला, सुगंध दरवळला, कुणी कपाळावर हात ठेवला, बाईला तासभर बरं वाटलं, तर तुमचं काय गेलं? तासभर बरं वाटण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्यापुढच्या दोन पायऱ्यांना.

पहिली पायरी पूर्वजन्मात नेण्याची. अंधाऱ्या खोलीत आडवं करून, संमोहनात नेऊन, आजच्या भीतीचं मूळ मागच्या जन्मातल्या मृत्यूत दाखवलं जातं. माणूस रडतो, थरथरतो, मोकळा होतो. त्याला दिसलेलं खरं होतं का? कॅनडातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांनी अशा ‘पूर्वजन्मां’चा अभ्यास केला. सत्रापूर्वी काय सुचवलं जातं, त्याप्रमाणे पूर्वजन्माच्या हकिगती बदलतात, असं त्यांना आढळलं. एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९९५ साली दाखवलं की त्यासाठी संमोहनही लागत नाही. ‘लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास,’ ही कधीच न घडलेली गोष्ट घरच्यांचा हवाला देऊन सांगितली, तेव्हा २४ जणांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. आठवण अशी घडवता येते. तेव्हा ज्याच्या हाती आपण मन सोपवतो, तो आपल्या आठवणींत काय मिसळतोय, ही चिंता क्षुल्लक नाही. मागच्या जन्मातला मारेकरी या जन्मातला सख्खा भाऊ निघाला, तर ते घर पुन्हा पूर्वीसारखं जेवायला बसत नाही.

दुसरी पायरी गोळ्या बंद करण्याची. माझा सगळा राग इथे आहे. माझ्या परिचयातल्या एका घरातला मुलगा कॉलेजात असताना उन्मादाच्या आजाराने पडला. लिथियम या औषधावर तो सावरला, पदवी झाली, नोकरी लागली. मग कुणीतरी त्याला एका केंद्रात नेलं. तिथे सांगण्यात आलं की ही रसायनं शरीरात साचतात, चक्रं अडवतात, शुद्धीकरण करायचं तर आधी ती थांबवायला हवीत. त्याने थांबवली. पहिले काही आठवडे त्याला फार हलकं वाटलं आणि केंद्रातल्यांना तो पुरावा वाटला. पुढे तो रात्र रात्र जागू लागला, उधारीवर खरेदी करत सुटला, आणि एका रात्री चार माणसांनी धरून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. नोकरी गेली. केंद्रातून त्याच्या आईला उत्तर मिळालं की त्याची श्रद्धा कमी पडली.

लिथियम एकाएकी बंद केलं की आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो, हे मनोविकारशास्त्रात पक्कं ठाऊक असलेलं आहे. नैराश्याच्या गोळ्याही अचानक तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. गोळ्यांचे दुष्परिणाम नसतात असं कुणीच शहाणा डॉक्टर म्हणत नाही. लिथियम घेणाऱ्याच्या रक्तातलं त्याचं प्रमाण, मूत्रपिंड, थायरॉइड, हे सगळं ठरावीक काळाने तपासावं लागतं, आणि ते तपासायचं असतं म्हणूनच तो उपचार आहे. पण ‘श्रद्धा कमी पडली’ या उत्तरापुढे काय तपासणार? गुण आला तर श्रेय केंद्राचं, नाही आला तर दोष रुग्णाचा. ज्या पद्धतीत अपयश कधीच पद्धतीचं नसतं, ती सुधारायची तरी कशी?

आता घरातल्या मताकडे. ‘आमच्या वेळी मन आपोआप ताळ्यावर यायचं.’ ज्यांचं आलं त्यांच्या कथा आपल्याला ठाऊक आहेत. ज्यांचं नाही आलं ते कुठे होते? ते माळ्यावर होते, मागच्या खोलीत होते, कुणाच्या लग्नकार्यात दिसत नव्हते. येरवडा, ठाणे, रत्नागिरी, नागपूर इथल्या मनोरुग्णालयांत होते, आणि त्यांतल्या कित्येकांना परत न्यायला कुणी आलं नाही. काही जण साखळदंडांत होते. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका आश्रयस्थानाला ६ ऑगस्ट २००१ला पहाटे आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ माणसं गेली. त्यांना तिथे ठेवणारी कुटुंबं दुष्ट नव्हती. देवाच्या दारी बरं वाटेल, याच आशेने त्यांनी ठेवलं होतं.

भक्तीबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि कुठलाही जाणता समुपदेशक कुणाची वारी सोडवत नाही. चालणं, गाणं, माणसांत असणं, आपल्यापेक्षा मोठ्या कशावर तरी भार टाकणं, यांनी मनाला उभारी येते. पण घर आणि देव पुरेसे आहेत असं म्हणणाऱ्यांनी ‘अंगात येणं’ आठवून पाहावं. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी सून अंगात आल्यावर सासऱ्याला एकेरीत खडसावते, आणि सगळं घर हात जोडून ऐकतं. तिचं म्हणणं खरं असतं, त्रास खरा असतो. ते स्वतःच्या नावाने बोलायची मुभा मात्र घरात नसते. जे घर आधार म्हणून दाखवलं जातं, तेच बऱ्याच बायकांच्या दुखण्याचं कारण असतं. तिला हवं असतं असं ठिकाण, जिथे ऐकणारा सासरचा नाही, माहेरचा नाही, आणि ऐकलेलं उद्या पंगतीत निघणार नाही. गोपनीयता ही चैन नव्हे. तिच्यासाठी तोच उपचाराचा पहिला भाग आहे.

आणि ‘अख्खा माणूस’ बघण्याचा दावा करणाऱ्यांना एक सांगायचं आहे. तो विचार त्यांच्याआधीच वैद्यकात आलेला आहे, आणि जास्त कसोशीने. जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरांनी १९७७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलं की आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहिलं पाहिजे. पहिल्या भेटीतल्या त्या प्रश्नांत थायरॉइड, झोप, कर्ज आणि सासू एकाच दमात का येतात, याचं कारण हे आहे. थायरॉइड कमी झालेल्या बाईचा थकवा आणि उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसू शकते. जो रक्त तपासायला सांगत नाही आणि सरळ चक्रांवर जातो, त्याने शरीर पाहिलेलंच नाही.

असं अख्खा माणूस पाहणं महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला दारू तुटताना होणाऱ्या त्रासासाठी औषध मिळतं, समुपदेशन मिळतं, गटात बसून स्वतःबद्दल बोलणं आहे, योग आहे, अंगमेहनतीचं काम आहे, आणि त्याच्या बायकोसाठी स्वतंत्र आधारगट आहे. घसरलेल्याला परत येता येतं. घसरणं हा त्या आजाराचा भाग आहे, असं तिथे आधीच सांगितलेलं असतं. योगाला विरोध कुणाचाच नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेत योगावर संशोधन चालतं आणि रुग्णांना तो इतर उपचारांच्या जोडीने शिकवला जातो. जोडीने, त्यांच्या जागी नव्हे.

आमच्या बाजूचे दोषही इथेच सांगतो, कारण हिशेब मागायचा तर द्यायलाही हवा. ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मनोविकारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे, काहींत तर त्याहून पुष्कळ जास्त. सरकारी बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून माणूस बाहेर काढला जातो. खाजगी समुपदेशनाची फी बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेर आहे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण ‘समुपदेशक’ अशी पाटी आठवडाभराचं शिबिर केलेला माणूसही लावतो. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला, त्याची अंमलबजावणी रेंगाळली आहे. वर्षानुवर्षं दर आठवड्याला बोलावत राहणारे आणि कधीच ‘आता तुम्हाला माझी गरज नाही’ न म्हणणारे थेरपिस्टही आहेत. हीलिंग केंद्रं ज्या जागी फोफावली, ती जागा आपल्या व्यवस्थेने रिकामी ठेवली होती. दोन मिनिटांच्या चिठ्ठीनंतर कुणी तासभर हात हातात धरला, तर माणूस तिकडे जाणारच. त्या माणसाला मी दोष देत नाही.

पण या दोषांवर बोट ठेवता येतं, कारण दोष कशाला म्हणायचं हे इथे लिहून ठेवलेलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ला लागू झाला. आपल्या आजाराचं स्वरूप, ठरवलेले उपचार आणि त्यांचे संभाव्य दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क त्याने रुग्णाला दिला. गोपनीयतेचा दिला. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असं विमा कंपन्यांना बजावलं. तक्रारीसाठी पुनर्विलोकन मंडळांची तरतूद केली. या मंडळांचं काम किती धिमं आहे, यावर जरूर भांडू या. ‘श्रद्धा कमी पडली’ या निकालावर मात्र अपील करायला जागाच नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, मारणं त्याने गुन्हा ठरवलं. गावातल्या मांत्रिकाला त्याचा थोडा तरी धाक बसला. शहरातल्या वातानुकूलित खोलीत बसून लिथियम सोडायला लावणाऱ्यावर गुन्हा दाखल झाल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं.

म्हणून माझी विनंती आहे. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी मनाच्या त्रासासाठी कुठेही जाणार असाल, मग तो समुपदेशक असो, मनोविकारतज्ज्ञ असो की हीलर, तर पैसे भरण्याआधी विचारा. तुमचं शिक्षण काय आणि नोंदणी कुठे आहे? माझ्यासारख्या त्रासाचे किती लोक तुमच्याकडे बरे होत नाहीत? फरक पडला नाही तर किती भेटींनंतर थांबायचं? माझ्या चालू गोळ्यांबद्दल माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? माझी तक्रार असेल तर ती कुणाकडे करू? जो शांतपणे उत्तर देईल, त्याच्यासमोर बसा. जो या प्रश्नांनाच नकारात्मक ऊर्जा म्हणेल, त्याच्याकडून उठून या. आणि चालू असलेली गोळी, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

फीसाठी पैसे नसतील, किंवा पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि मराठीतून बोलता येतं. क्रमांक १४४१६.